अंगातला पोलीस

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

मी २४ वर्षांचा आहे. नाशिकला राहतो, औषधांच्या दुकानात काम करतो आणि रात्री शटर ओढल्यावर लिहितो. दीड वर्षापासून एक विज्ञानकादंबरी चालू आहे. परग्रहावरचा एक पोलीस अधिकारी फरारी गुन्हेगाराच्या मागावर पृथ्वीवर येतो. पहाटे कसारा घाटात मोटारसायकलवरून येणारा बारावीतला एक मुलगा त्यांच्या झटापटीत सापडतो आणि जागीच जातो. अधिकाऱ्याला ते फार लागतं. तो मुलाच्या शरीरात शिरून त्याला जिवंत ठेवतो आणि तिथूनच तपास चालू करतो. साठ पानं झाली होती. मग एका मित्राने वाचलं आणि म्हणाला, "अरे, हे जपानमध्ये कधीच होऊन गेलंय." त्याने मला एका मालिकेचे दोन भाग दाखवले. तेव्हापासून एक ओळ सुचलेली नाही. शिवाय खरं सांगायचं तर त्याआधीही गाडी अडलीच होती. मुलगा गप्प होत चाललाय, सगळं अधिकारीच करतो. अधिकारी चांगला आहे, त्याने जीव वाचवलाय, तेव्हा मुलाने त्याला विरोध करावा असं काही कारणही दिसत नाही. आणि नाशकात परग्रहवासी म्हटल्यावर लोक हसतील का? गोष्ट अमेरिकेत नेऊ, की सोडूनच देऊ, ताई?

प्रिय मित्रा,

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी तुझ्या मित्राचं बोलणं घेऊ, कारण तेच तुझ्या छातीवर बसलंय. तो खोटं बोललेला नाही. १९८५ साली मासामी युकी या जपानी चित्रकथाकाराने 'बर्डी' नावाची अंतराळ पोलीस अधिकारी उभी केली. पाठलाग करताना तिच्या हातून एक शाळकरी मुलगा मरतो आणि मग त्याचं मन तिच्या शरीरात राहायला येतं. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, जपानी दूरचित्रवाणीवर 'अल्ट्रामॅन' आला. एका राक्षसाचा पाठलाग करताना त्याची टक्कर एका माणसाच्या विमानाशी होते, माणूस मरतो आणि पाहुणा आपला जीव त्याला देऊन त्याच्याशी एकरूप होतो. आणखी मागे गेलास तर अमेरिकेत हॅल क्लेमेंट नावाच्या विज्ञानशिक्षकाची 'नीडल' म्हणजे 'सुई' ही कादंबरी आहे, १९५०ची. तिच्यातला परग्रहावरचा शोधपोलीस म्हणजे एक मऊ, जेलीसारखा जीव. तो समुद्रकिनाऱ्यावर झोपलेल्या एका मुलाच्या शरीरात शिरतो. त्याला पकडायचा असतो तो गुन्हेगारही अशाच कुणाच्या तरी शरीरात दडलेला असतो. कुणाच्या, तेच शोधायचं. गवताच्या गंजीतली सुई.

आता या तिघांना शेजारी शेजारी ठेवून बघ. क्लेमेंटच्या गोष्टीत अपघात नाही आणि अपराधही नाही. दुसऱ्याच्या शरीरात सलोख्याने राहणं ही त्या जिवाची जन्मजात रीत आहे आणि यजमानाला इजा करायची नाही हा तिथला दंडक. अल्ट्रामॅनमध्ये चूक आहे आणि चुकीची भरपाई आहे. बर्डीमध्ये सगळं उलटं फिरलं : मुलगा तिच्या शरीरात पाहुणा झाला. युकीला कुणी म्हणालं असतं की एकोणीस वर्षांपूर्वी हे होऊन गेलंय आणि त्याने लेखणी खाली ठेवली असती, तर तुझ्या मित्राला तुला दाखवायला काही उरलं नसतं.

कायद्याचं विचारशील तर तेही सांगते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की कल्पना, विषय, कथानक यांवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. त्यामुळे 'परग्रहावरचा पोलीस माणसाच्या अंगात' ही कुणाच्या सातबाऱ्यावरची जमीन नाही. पण कोर्टात सुटलास म्हणजे वाचकाच्या मनातून सुटलास असं होत नाही. तुझा घाटातला अपघात आणि त्यातून आलेली भरपाई, हे वळण त्या दोन्ही जपानी गोष्टींच्या फार जवळ जातं. ते बदलता आलं तर बघ. मुलगा मेलाच पाहिजे का? नुसता जखमी झाला तर? मग अधिकाऱ्याला शिरण्याआधी विचारता आलं असतं, आणि त्याने विचारलं नाही, तर ते कोडं कितीतरी अवघड होऊन बसतं. आणि ती मालिका आता पूर्ण बघू नकोस. पहिला खर्डा संपू दे, मग निवांत बघ. नंतर जे सारखं निघेल ते काढून टाक किंवा मनोगतात मोकळेपणाने लिही. लिहिणाऱ्या इतरांनाही मी हेच सांगत असते. 'हे झालंय' हे ऐकल्यावर पहिला खर्डा थांबवायचा नाही. तो संपल्यावर शोधायचं की नेमकं काय झालंय, कुणी केलंय आणि आपलं कुठे वेगळं आहे.

शिवाय आपल्याकडे ही कल्पना काही विमानातून उतरलेली नाही. परकायाप्रवेश हा शब्द आपल्याकडे किती जुना आहे! शंकराचार्यांची आख्यायिका तू ऐकली असशील. वादविवादात मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती त्यांना कामशास्त्रावरचे प्रश्न विचारते, ते मुदत मागून घेतात आणि नुकत्याच वारलेल्या अमरुक राजाच्या शरीरात शिरतात. त्यांचा स्वतःचा देह शिष्य गुहेत राखत बसतात. इकडे दरबारात कुजबुज सुरू होते, की राजा एकाएकी इतका शहाणा कसा झाला. पण त्या गोष्टीत एक सोय आहे. अमरुक गेलेला आहे. आत दुसरं कुणी नाही, त्यामुळे परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्नच येत नाही.

तुझ्या गोष्टीत मात्र आत मुलगा आहे आणि तो जागा आहे.

इथे मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा तुझ्यासमोर ठेवायचंय. "अधिकारी चांगला आहे, त्याने जीव वाचवलाय, तेव्हा मुलाने विरोध करावा असं काही कारणही दिसत नाही." मित्रा, तुझी गाडी इथे अडली आहे, जपानमध्ये नाही. तू चांगुलपणालाच परवानगी समजून बसलास. उपकार केले म्हणून घरात राहायचा हक्क मिळतो, हे तू धरून चाललास आणि मुलाच्या तोंडून शब्द काढून घेतलेस. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, तो पात्र म्हणून मरतोच. घाटात नाही मेला तर पान साठवर मरतो.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या आळीत एक काकू होत्या. नवरात्रात आरतीच्या वेळी त्यांच्या अंगात यायचं. त्यामागे काय असतं त्याचा वाद मी इथे घालत नाही. मला आठवतं ते एवढंच. केस मोकळे सुटलेले, कपाळावरचा मळवट घामाने नाकापर्यंत ओघळलेला, आणि सगळी आळी पुढे येऊन विचारतेय, पोराला नोकरी कधी लागेल, जागेचा निकाल कधी लागेल. मग वारं ओसरायचं. माणसं प्रसादाकडे वळायची. काकू भिंतीला टेकून बसायच्या, मनगटावर फुटलेल्या बांगडीचा ओरखडा असायचा. एका वर्षी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला होता, म्हणून मी तिथे होते. पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी कुणाला वावगं काही बोलले नाही ना गं?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे मी सोडून कुणी नव्हतं. अंगात काय आलं होतं याची चर्चा आठवडाभर चालायची. ते ज्यांच्या अंगात आलं होतं त्यांना, कसं वाटतंय, असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. तुझी साठ पानं मी वाचलेली नाहीत, पण पत्रावरून वाटतं की तूही प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिलास. मागे फिर. तांब्या घेऊन मुलाजवळ बस.

त्यातून तुझा पाहुणा साधासुधा नाही, पोलीस आहे. आपल्याकडे दारात पोलीस आला की काही न केलेली माणसंसुद्धा आवाज खाली घेतात. तुझ्या मुलाच्या तर डोक्यात पोलीस आहे. त्याला दार लावता येत नाही. चाचणी परीक्षेचे मार्क त्याने घरी सांगितले नाहीत, वडिलांच्या खिशातून दोनशे रुपये काढले, क्लासमधल्या एका मुलीचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खोडलं, हे सगळं साहेबांना ठाऊक आहे. साहेब काही बोलत नाहीत. ते न बोलणंच त्याला किती टोचत असेल! आणि एके दिवशी तपासासाठी मुलाच्या जिवलग मित्राबद्दलची एखादी आठवण हवी झाली तर? ती न विचारता काढून घ्यायची?

तुला माहीत असेल-नसेल, या प्रश्नाशी आपलं सर्वोच्च न्यायालय खरोखर झगडलेलं आहे. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, २०१०. नार्को चाचणी, लाय डिटेक्टर, मेंदूच्या लहरींची चाचणी, यांतलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असा तो निकाल आहे. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही, हे संविधानाच्या कलम २०(३)मधलं संरक्षण त्यामागे आहे. माणसाच्या मनाच्या उंबऱ्यापाशी पोलिसाने थांबायचं, असं आपल्या देशाने ठरवलंय. तुझा अधिकारी त्या उंबऱ्याच्या आतच जन्माला घातलास तू. म्हणून तुझी कादंबरी नाशकातच घडली पाहिजे. अमेरिकेत नेलीस तर तुला हे सगळं उसनं आणावं लागेल.

लोक हसतील का, याचंही उत्तर यातच आहे, पण एक आठवण सांगते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण आपल्या नावाच्या वजनाने निकाल लागू नये म्हणून त्यांनी नाव लपवलं आणि मराठी गोष्ट मराठी वाचकांसमोर नुसती गोष्ट म्हणून जाऊ दिली. कुणी हसलं नाही. तुझ्याही वाचकाला परग्रहवासी खुशाल पटेल, पण घरातली आई खोटी वाटली तर तो पुस्तक मिटेल.

आईबद्दल तू पत्रात अवाक्षर काढलं नाहीस, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटलं. अरे, बारावीच्या मुलाच्या शरीरात दुसरं कुणी राहायला आलं तर पहिल्यांदा कळेल ते पोळ्यांच्या डब्याला. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असतो, पण स्वस्थ बसल्या बसल्या शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी वीसेक टक्के खातो. दिवसाला दोन हजार कॅलरी धरल्या तर चारशे झाल्या. म्हणजे आणखी एका मनाला पोसायचं तर रोजच्या चारेक पोळ्या वाढल्या. तू औषधाच्या दुकानात बसतोस, आया कशा कशावरून ओळखतात हे तू रोज काउंटरवर ऐकत असशील. "हल्ली जेवतो खूप, पण अंगाला लागत नाही हो." हे वाक्य घेऊन ती जंताचं औषध मागायला येईल. तिथून तुझा खरा तपास सुरू होतो, आणि तो आई करतेय.

आता मुलाला काम काय द्यायचं. मला वाटतं, ते कायद्यातच पडलेलं आहे. तुझा अधिकारी त्याच्या ग्रहावर कितीही मोठा असेल, इथे त्याला कसलाच अधिकार नाही. त्याचं ओळखपत्र इथल्या कुठल्याही ठाण्यात कागदाचा तुकडा आहे. पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० काढून बघ. आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो. मात्र विनाकारण वेळ न दवडता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. म्हणजे परग्रहावरच्या या गुन्हेगाराला नाशकात कायद्याने अटक करू शकेल असा त्या शरीरात एकच जण आहे आणि तो बारावीत आहे. साहेबांना त्याला विनंती करावी लागेल. त्यानंतर हातात सहा तास, आणि ठाण्यात जाऊन सांगायचं काय? मला तर हे लिहितानाच पुढची पानं दिसायला लागली.

दोघांनी राहायचं कसं, याचाही करार व्हायला हवा. चांग आणि एंग बंकर हे एकमेकांना जोडलेले जुळे भाऊ १८११ साली सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, जन्मले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांनी दोन बहिणींशी लग्नं केली, दोन घरं बांधली आणि एक नियम घातला : तीन दिवस एकाच्या घरी, तीन दिवस दुसऱ्याच्या. ज्याचं घर त्याचा शब्द, दुसऱ्याने तेवढे दिवस मुकाट ऐकायचं. वर्षानुवर्षं त्यांनी हे पाळलं. कल्पना कर, किती खडाजंगीनंतर माणसं अशा नियमाला येत असतील. तुझ्या दोघांची ती खडाजंगी मला वाचायची आहे. रात्री अकरा ते सहा शरीर कुणाचं? परीक्षेच्या दिवशी साहेबांनी उत्तर सांगायचं की नाही? मुलगा रडत असताना त्यांनी कुठे जायचं?

संवाद कसे लिहायचे याची काळजी करू नकोस, तुझी भाषा इथे तुझ्या बाजूने आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. समोरच्याला वगळून ते 'आम्ही', समोरच्याला धरून ते 'आपण'. इंग्रजीत लिहिणाऱ्या क्लेमेंटला ही सोय नव्हती. तुझा मुलगा साहेबांशी मनातल्या मनात बोलताना पहिल्यांदा 'आपण' कधी म्हणतो? ते पान जपून ठेव, लवकर खर्च करू नकोस. आणि एखाद्या संध्याकाळी चप्पल घालता घालता तो सहज बोलून जाईल, "आई, आम्ही जरा जाऊन येतो." आई विळीवरून मान वर करेल. "आम्ही? आम्ही कोण रे?"

क्रियापदंही बघ. आपल्याकडे 'मी' म्हटलं की पुष्कळदा पुढच्या क्रियापदात बाई की पुरुष ते उघडं पडतं. तू अधिकाऱ्याला सरळ 'तो' करून टाकलंस. का? ज्या ग्रहावर स्त्री-पुरुष हा भेदच नसेल तिथून आलेल्याने मराठीत काय म्हणायचं, 'मी जेवलो', 'मी जेवले', की 'मी जेवलं'? हे त्याला मुलाकडून शिकावं लागेल. तो चुकेल, आणि तेही भलत्याच वेळी, मुलाच्या तोंडून, आजीसमोर. आणि मुलाने साहेबांना 'तुम्ही' म्हणायचं सोडून 'अरे' म्हणणं, किंवा भांडणानंतर पुन्हा 'तुम्ही'वर जाणं, यात अख्खं प्रकरण मावेल.

साठ पानं फाडू नकोस. पहिली वीस राहतील असा माझा अंदाज आहे, बाकीची मुलाच्या बाजूने पुन्हा लिहावी लागतील. मित्राशीही अबोला धरू नकोस. ज्याने साठ पानं वाचून खरं सांगितलं तो पुढची साठही वाचेल.

उद्या रात्री शटर ओढलंस की एवढंच लिही. मुलगा अंथरुणावर पडलाय, दिवा मालवलाय. साहेबांना तपासासाठी त्याची एक आठवण हवी आहे आणि पहिल्यांदाच ते न घेता विचारतात. मुलगा म्हणतो, "नाही." तेवढं लिहून झालं की साहेब काय करतात ते मला कळव.

तुझी,
ताई